जळालेल्या ॲम्प्लिफायरचा हिशेब

(द्वितीय वर्ष, कला)

सुखवस्तू घरांना माळा असतो आणि माळ्यावर अडगळ असते. आमच्या इचलकरंजीच्या दोन खोल्यांच्या घराला माळा नाही. कौलांखाली भिंतीत ठोकलेल्या खुंट्यांवर एक लांब फळी टाकलेली आहे, तिलाच आम्ही माळा म्हणतो. अडगळीला मात्र तेवढी जागाही पुरते. त्या फळीवर आईच्या लग्नातला तांब्याचा हंडा आहे, गणपतीचे मखर आहे, माझी पहिलीपासून बारावीपर्यंतची सगळी पुस्तके आहेत (घरात याआधी कुणी एवढी पुस्तके वापरलेली नसल्यामुळे आई ती रद्दीत घालू देत नाही), आणि सगळ्यांत टोकाला, भिंतीला चिकटून, माझ्या आजोबांचा जळालेला ॲम्प्लिफायर आहे.

घरात त्याला कुणी ॲम्प्लिफायर म्हणत नाही. सगळे ‘मशीन’ म्हणतात. काळ्या रेक्झिनने मढवलेले लाकडी खोके, कोपऱ्यांना पितळी पत्रे, पुढे जाड कापडामागे बारा इंची स्पीकर आणि आत पाच काचेचे व्हॉल्व्ह. वजन सतरा किलो. ते १९८६ साली जळाले, म्हणजे माझ्या जन्माच्या वीस वर्षे आधी. मी ते कधीच वाजताना ऐकलेले नाही. तरीही दर दिवाळीला ते खाली उतरते, ओल्या फडक्याने पुसले जाते आणि पुन्हा वर जाते. शेजारच्या खुंटीला आजोबांची इलेक्ट्रिक गिटार जुन्या चादरीच्या गवसणीत टांगलेली असते.

या उन्हाळ्यात कौले चाळायला माणसे आली आणि फळी मधोमध वाकल्याचे त्यांनी दाखवले. वडिलांनी त्याच संध्याकाळी निकाल दिला : “एक तर भंगारात घाला, न्हाईतर दुरुस्त करा. पण फळीवर परत चढवायचं न्हाई.” आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “तू कॉलेजात जातीस. तूच ठरव.”

आमच्या घरात हे नेहमीचेच आहे. विजेचे बिल जास्त आले, रेशनकार्डावर नाव चढवायचे असले, दवाखान्याचा कागद वाचायचा असला की तो माझ्याकडे येतो. कॉलेजात जाणारी व्यक्ती सर्वज्ञ असते अशी आमच्या गल्लीची प्रामाणिक समजूत आहे, आणि ती खोटी ठरू नये म्हणून मला बरीच धडपड करावी लागते. पण जळालेल्या ॲम्प्लिफायरचे काय करावे हा प्रश्न कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हता. तो सोडवताना जे हाती लागले ते इथे मांडते.

आधी हे मशीन काय करते ते समजून घेणे भाग होते. कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना कळेल अशा भाषेतच मी ते समजून घेतले आहे. गिटारच्या तारेखाली चुंबक आणि तारेचे वेटोळे असते. लोखंडी तार हलली की त्या वेटोळ्यात विजेची अगदी क्षीण लहर उठते. तिच्याने मुंगीही दचकणार नाही. ती लहर मोठी करून स्पीकरचा कागद हलवायचा, हे ॲम्प्लिफायरचे काम. व्हॉल्व्ह ते कसे करतो हे मला माझ्या मामांच्या उसाच्या शेतात कळले. पाटाला पाणी सोडले की सरीच्या तोंडाशी एक माणूस दारे धरतो. त्याच्या हातातल्या खोऱ्याचा जोर थोडा असतो, पण ते थोडे इकडे-तिकडे झाले की पाटाचे सगळे पाणी वळते. व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या भागाकडून धातूच्या पत्र्याकडे इलेक्ट्रॉनांचा लोंढा वाहत असतो आणि मध्ये एक जाळी असते. गिटारची क्षीण लहर त्या जाळीवर बसून दारे धरते.

ग्रंथालयात या व्हॉल्व्हचा इतिहास वाचताना एक गमतीची गोष्ट आढळली. पहिला व्हॉल्व्ह इंग्लंडात जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ साली बनवला. विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला तोही १९०४ सालीच. दोन वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्या व्हॉल्व्हमध्ये जाळी बसवली आणि दारे धरणारा माणूस जागेवर आला. पुढे १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि रेडिओतून, रेकॉर्डप्लेअरमधून व्हॉल्व्ह हळूहळू हद्दपार झाले. गिटारवाल्यांनी मात्र ते सोडले नाहीत. आवाज वाढवत नेला की व्हॉल्व्ह एकदम फाटत नाही. तो आधी घोगरा होतो, गायकाच्या तापलेल्या गळ्यासारखा. ज्यांनी व्हॉल्व्हचे मंडल आखले त्यांच्या दृष्टीने हा दोष होता. वाजवणाऱ्यांनी तोच गुण मानला.

आजोबांच्या आयुष्यात यंत्रमाग आणि व्हॉल्व्ह दोन्ही एकाच वेळी आले. ते एका कारखान्यात रात्रपाळीला चार माग सांभाळत. १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’नंतर राहुलदेव बर्मन यांच्या चालींतली इलेक्ट्रिक गिटार गावोगावच्या पोरांच्या कानांत बसली होती. १९७४ साली पाच मित्रांनी मिळून ऑर्केस्ट्रा काढला : दोन गायक, एक ॲकॉर्डियन, एक ढोलक आणि आजोबांची गिटार. गणेशोत्सवात, जत्रांत, लग्नांत त्यांचे कार्यक्रम होत. हुपरी, जयसिंगपूर, निपाणी ही त्यांची विलायत. सुरुवातीला गिटार रेडिओला जोडून वाजवीत. दोन वर्षांनी पाचांनी प्रत्येकी दोनशे ऐंशी रुपये वर्गणी काढली, चौदाशे रुपये झाले, आणि आजोबा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर (म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर) जाऊन हे मशीन जोडून घेऊन आले. ते मांडीवर ठेवून परतीचा प्रवास केला, असे आजी सांगायची. सतरा किलोंचे ओझे एवढा वेळ मांडीवर ठेवणे शक्य आहे का, हा प्रश्न तिला कुणी विचारला नाही.

हे सगळे मी लहानपणापासून ऐकत आले होते. मशीन जळाले कसे, हे मात्र कुणी सांगत नसे. “लाईट वाढली आणि जळालं,” एवढेच उत्तर मिळायचे. ते खरेच होते, पण अर्धे.

मी मशीन रिक्षात घालून एका जुन्या रेडिओ-मेकॅनिककडे नेले. वय सत्तरीच्या पुढचे. आता ते मिक्सर आणि टीव्ही दुरुस्त करतात. मागचा पत्रा उघडताच ते काही बोलले नाहीत, पंखा बंद करून चष्मा पुसला आणि वाकून आत पाहत राहिले. मग म्हणाले, “बाळ, ही पाच व्हॉल्व्हची दहा वॅटची जोडणी आहे. मुलार्ड कंपनीनं छापलेल्या नकाशावरनं आम्ही पोरं असली मशीनं बांधायचो.” मुलार्ड ही व्हॉल्व्ह बनवणारी इंग्लिश कंपनी. तिने १९५४ साली तयार केलेली ‘फाइव्ह-टेन’ नावाची जोडणी जगभर गाजली. नावातच पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट. पहिला ईएफ ८६, दुसरा ईसीसी ८३, शेवटी जोर लावणारे दोन ईएल ८४, आणि उलटसुलट वाहणाऱ्या विजेला एकाच दिशेने वाहायला लावणारा पाचवा. बीटल्स ज्या व्हॉक्स ॲम्प्लिफायरवर वाजवीत त्यातही जोर लावायला ईएल ८४ च होते. आमच्या मशीनमधल्या दोन व्हॉल्व्हवर मात्र ‘बीईएल’ अशी पुसट अक्षरे होती. १९५४ सालीच बंगळूरला स्थापन झालेली भारत इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा व्हॉल्व्हही बनवीत असे.

मेकॅनिककाकांनी मीटर लावून एकेक तपासले. वीज घेणारा मोठा ट्रान्सफॉर्मर जळून काळा पडला होता; त्याला नाक लावले तर इतक्या वर्षांनीही जळक्या वॉर्निशचा वास येत होता. कपॅसिटर फुगले होते. एक ईएल ८४ मेला होता, दुसरा अशक्त. मात्र स्पीकरकडे आवाज नेणारा दुसरा ट्रान्सफॉर्मर शाबूत निघाला. काका म्हणाले, “हा जिवंत आहे म्हणून बोलण्यात अर्थ आहे. याचं वेटोळं थरावर थर गुंफलेलं असतं. हा जळाला असता तर मीच तुला भंगारात घाल म्हणालो असतो.”

मग त्यांनी फ्यूजची टोपी फिरवून आतली नळी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. काचेच्या फ्यूजला बाहेरून तांब्याची तार गुंडाळली होती. एक पदर नव्हे, चार.

“हे कुणी केलं?” काकांनी विचारले.

संध्याकाळी मी ती नळी आजोबांपुढे ठेवली. त्यांना कमी ऐकू येते, म्हणून काही बोलण्यापेक्षा वस्तू दाखवणे सोपे पडते. त्यांनी ती बराच वेळ बोटांत फिरवली. मग सांगितले.

१९८६ च्या गणपतीत एका मंडळापुढे कार्यक्रम होता. पहिल्याच गाण्यात फ्यूज गेला. दुसरा जवळ नव्हता, दुकाने बंद, आणि पुढे गर्दी. गाणे थांबू नये म्हणून आजोबांनी वायर सोलून तिचे चार पदर फ्यूजला गुंडाळले. मशीन सुरू झाले. तासाभराने खांबावरची न्यूट्रलची तार तुटली. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल तुटली की कुणाकडे वीज उतरते आणि कुणाकडे चढते. २३० व्होल्टच्या जागी ती ४०० च्या जवळही जाऊ शकते. मंडपातले बल्ब पांढरेशुभ्र झाले आणि फुटले. खरा फ्यूज असता तर तो वितळला असता आणि मशीन वाचले असते. तांब्याचे चार पदर वितळले नाहीत.

“मशीन पाचांचं हुतं,” आजोबा म्हणाले. “जाळलं मी.”

मग त्यांनी चौघांच्या वर्गण्या परत केल्या. मशीन दहा वर्षे वापरलेले आहे, पूर्ण पैसे कसले देतोस, असे मित्रांनी परोपरीने सांगितले. आजोबांनी ऐकले नाही. चार वाटे, अकराशे वीस रुपये. आठवड्याच्या पगारातून दहा रुपये, असे एकशे बारा आठवडे. शेवटचा हप्ता फिटला तेव्हा ते त्या मशीनचे एकटे मालक झाले. तोवर घरोघरी टेपरेकॉर्डर आले होते, ऑर्केस्ट्रा मोडला होता आणि मशीन तर जळालेलेच होते.

वडील उंबऱ्यावर बसून ऐकत होते. ते तेव्हा आठ-दहा वर्षांचे. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, “दोन दिवाळ्या आमाला कापडं न्हवती. का, ते आज कळलं.” त्यांच्या आवाजात राग होता की आणखी काही, हे मला ठरवता आले नाही. ते उठून बाहेर गेले.

त्या दिवसापासून माझा प्रश्न बदलला. आधी मी वस्तूचा विचार करीत होते. आता वस्तूवर चाळीस वर्षे साठलेला हिशेबही समोर होता. तरीही कागद-पेन घेऊन बसणे आवश्यक होते, कारण भावनेच्या भरात केलेल्या खर्चाची वसुली शेवटी महिनाअखेरच्या किराणा सामानातून होते.

मेकॅनिककाकांनी दिलेला अंदाज असा : जळका ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घेणे दोन हजार रुपये, दोन नवे ईएल ८४ तीन हजार नऊशे, कपॅसिटर, रेझिस्टर, वायर वगैरे एक हजार, मजुरी दीड हजार. एकूण आठ हजार चारशे. व्हॉल्व्ह महाग, कारण ते आता रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन अशा मोजक्या देशांतच बनतात. २०२२ साली युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर रशियाचा पुरवठा काही काळ अडला आणि जगभर भाव चढले. इचलकरंजीतल्या एका फळीवरच्या मशीनचा भाव तिकडच्या युद्धाने ठरावा, याचे मला आश्चर्य वाटले. पण सुताचा भावही इथे कोण ठरवतो?

याच पैशांत किंवा त्याहून कमी पैशांत छोटा नवा ट्रान्झिस्टरचा गिटार-ॲम्प्लिफायर मिळतो. तो हलका, गरम न होणारा आणि बिनधोक. जुन्या मशीनमध्ये तीनशे व्होल्टच्या वर दाब खेळतो आणि बटण बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ दबा धरून राहतो, म्हणून काकांनी मला पत्र्याच्या आत बोट घालायला सक्त मनाई केली आहे. तिसरा मार्ग बाजारातल्या एका तरुण मेकॅनिकने सुचवला : “ताई, आतलं सगळं काढून आयसीचं किट टाकतो. नऊशे रुपयांत काम. बाहेरून कुणाला कळणार नाही.”

हा तिसरा मार्ग मला सर्वांत मोहात पाडणारा वाटला, आणि म्हणूनच मी त्यावर सर्वांत जास्त विचार केला. दिवाळीला पुसायला तेच खोके राहिले असते, वडिलांची अट पूर्ण झाली असती, माझे पैसेही वाचले असते. पण आतल्या पत्र्यासकट ते चार पदरांचे प्रकरणही कचऱ्यात गेले असते. आजोबांनी एकशे बारा आठवडे ज्याचे हप्ते भरले ते आतले मशीन होते. ते काढून टाकून खोके त्यांच्यापुढे ठेवायचे म्हणजे त्यांनी फेडलेल्या कर्जाची वस्तूच नाहीशी करायची.

यावर कुणी विचारील : ट्रान्सफॉर्मरची तार नवी, दोन व्हॉल्व्ह नवे, कपॅसिटर नवे, मग दुरुस्त केलेले मशीन तरी जुने कसे? याचे उत्तर माझ्या डोक्यावरच आहे. दरवर्षी पावसाच्या तोंडावर कौले चाळतात, दहा-वीस फुटकी काढून नवी घालतात. माझ्या जन्मापासून निम्मी कौले बदलली असतील. घर आजोबांनी बांधलेलेच आहे. जे बदलते ते टिकण्यासाठी बदलते. एका दिवसात सगळे उतरवून वर सिमेंटचे पत्रे टाकले असते तर गोष्ट वेगळी झाली असती.

अर्थशास्त्राच्या तासाला आपण ‘बुडीत खर्च’ शिकतो. जो पैसा गेला तो गेला. पुढचा निर्णय घेताना तो मोजू नये. नियम बिनतोड आहे आणि परीक्षेत मी तो बरोबर लिहिला होता. मात्र नियम सांगतो तो खर्च बुडालेला असतो. आजोबांचा बुडाला नव्हता, तो फळीवर ठेवलेला होता आणि दर दिवाळीला पुसला जात होता. तो मोजायचा की नाही हे मला पुस्तकातून ठरवता येईना. म्हणून मी पुढचाच विचार केला : दुरुस्त झालेले मशीन कुणासाठी वाजणार?

आजोबांचे कान मागांनी नेले. धोट्याचे मार खाणाऱ्या जुन्या मागांच्या शेडमध्ये आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो, आणि तिथे त्यांनी चौतीस वर्षे काढली. दोन वर्षांपूर्वी एका आरोग्य शिबिरात त्यांचे कान तपासले. कागदावरची रेघ डावीकडे बरी होती. उजवीकडे ४००० हर्ट्झच्या सुमाराला ती विहिरीत उतरल्यासारखी खाली गेली होती. गोंगाटाने कान जातात तेव्हा आधी हाच भाग जातो, असे तपासनिसांनी सांगितले. म्हणूनच त्यांना माझे बोलणे कळत नाही, ‘स’ आणि ‘श’ तर नाहीच. वडिलांचा जाड आवाज मात्र कळतो आणि गल्लीतला ढोल कळतो. मोबाइलवर गिटार लावून दिली तर म्हणतात, “नुसतं टिकटिक वाजतंय.” मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत.

मग मी गिटारचे आकडे शोधले. सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला बोलते, सर्वांत बारीक तार मोकळी असताना ३३० ला. गिटारचा बारा इंची स्पीकर ५००० च्या पुढे स्वतःच अबोल होत जातो. म्हणजे या मशीनचे बहुतेक बोलणे त्या कागदाच्या डाव्या बाजूला आहे, जिथे आजोबांची रेघ अजून शिल्लक आहे. त्यांना सगळे ऐकू येईल असे मी म्हणत नाही. तशी हमी कुणीच देणार नाही. पण घरातल्या कुठल्याही यंत्रापेक्षा हे जळालेले मशीन त्यांच्या कानाला जास्त जवळचे आहे. हे कळल्यावर दुरुस्तीच्या बाजूचे पारडे पहिल्यांदा खरोखर खाली गेले.

माझ्याकडे ‘कमवा आणि शिका’ योजनेतून ग्रंथालयात काम करून साठलेले सहा हजार चारशे रुपये होते. वडिलांच्या मते ते स्पर्धा परीक्षेच्या क्लासचे होते. आजोबांना विचारले तर त्यांनी हात झटकला. “जळालेलं जळालं. माझ्या कानाला आता काय कळणार? तुझं पैसं तुझ्या पुस्तकाला ठेव.”

मी दोन दिवस विचार केला. घरातल्या पहिल्या शिकणाऱ्या मुलीने मिळवलेले पहिले पैसे आजोबा स्वतःच्या चुकीवर खर्च होऊ देणार नव्हते. आणि चाळीस वर्षांपूर्वी मित्रांची सूट ज्यांनी घेतली नाही, ते नातीची भेट घेणार नव्हते. त्यांना हिशेबच पटतो. म्हणून मी हिशेब मांडला. आठ हजार चारशेचे पाच वाटे केले, प्रत्येकी एक हजार सहाशे ऐंशी. कागद त्यांच्यापुढे धरून मोठ्याने आणि जितक्या जाड आवाजात जमेल तितक्या जाड आवाजात म्हणाले, “आज्जा, मशीनचे पाच वाटे होते. चार तू परत घेतलेस. त्यातले दोन मला विकत पायजेत.”

त्यांनी कागद हातात घेतला. आकडे दोनदा बेरजून पाहिले. म्हणाले, “दोन घेऊन काय करशील? वाजवाय येतंय का?”

“तू शिकव.”

“आणि फ्यूज गेला तर?”

“नवा घालायचा. तोवर गाणं थांबवायचं.”

ते हसले, आणि मग चष्मा काढून पुसत बसले. दुसऱ्या दिवशी वडिलांनी कामावर जाताना आईकडे एका वाट्याचे पैसे ठेवले. बोलले काही नाही. एक वाटा आजोबांनी स्वतःच्या साठवणुकीतून दिला. माझे तीन हजार चाळीस रुपये उरले, ते पुस्तकांना ठेवले आहेत. क्लासचे पुढच्या वर्षी बघू, असे ठरले आहे.

ट्रान्सफॉर्मर रिवाइंडिंगच्या दुकानात आहे. मोटारींच्या रांगेत त्याचा नंबर लागायचा आहे. काकांनी सांगितले आहे की मजुरी आवाज आल्यावर घेईन. सगळे बसवल्यावरही वीज एकदम सोडणार नाहीत. हळूहळू चढवणार आहेत. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा मशीन वाजत असेल की नाही, मी सांगू शकत नाही.

एक वाटा अजून मोकळा आहे. काका म्हणतात, असले मशीन नुसते पडून राहिले तर त्यातले कपॅसिटर पुन्हा खराब होतात. महिन्यातून एकदा तरी ते तापवून वाजवले पाहिजे. म्हणून पाचवा वाटा पैशांवर द्यायचा नाही असे आजोबांनी ठरवले आहे. तेवढी रक्कम भागीदारांनी हप्त्याने भरायची. ज्याला किंवा जिला गिटार वाजवता येते आणि महिन्यातल्या एका रविवारी आमच्याकडे येऊन तासभर वाजवण्याची तयारी आहे, त्याने किंवा तिने मला दुपारी ग्रंथालयात भेटावे. चहा मिळेल. आजोबा जाड तारांवरची गाणी जास्त वाजवायला सांगतील, त्याला नाही म्हणू नये.

दुरुस्तीची पहिली खरेदी मी स्वतः केली : एक अँपिअरचे दहा काचेचे फ्यूज, पन्नास रुपये. ते एका डबीत घालून मशीनच्या मागे चिकटवायचे आहेत. डबीवर काय लिहू असे आजोबांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “कशाला लिहायचं? आता समद्यांना ठाऊक हाय.”